कंपनी मेली, देणी कुणाच्या माथी?

१/ राज्यकर्ता बदलला की जुनी देणी बुडतात, हा समज चुकीचा आहे. मात्र कायद्यात एक कलम घातले की देणी सुरक्षित होतात, हा दुसरा समजही तितकाच भाबडा आहे. १८५८ साल दोन्ही समज खोडून काढते.

२/ त्या वर्षी ब्रिटिश संसदेने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणीकडे सोपवला. कायद्याच्या ६७व्या कलमाने कंपनीचे तह राणीवर बंधनकारक केले आणि करार व देणी भारतमंत्र्याच्या माथी आली. ६५व्या कलमानुसार कंपनीवर जो दावा लावता आला असता, तो आता भारतमंत्र्यावर लावता येणार होता. कागदावर सारे चोख!

३/ आता तंजावर पाहा. १८५५ मध्ये भोसले घराण्याचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले. कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला आणि मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. दरम्यान कंपनीची सत्ता संपली, पण दावा संपला नाही; प्रतिवादीच्या जागी भारतमंत्री आला.

४/ १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे ‘राज्यकृत्य’. तिची वैधता तपासण्याचा न्यायालयांना अधिकारच नाही! वारस सापडला, दावा टिकला, न्याय मात्र हरवला.

५/ आता १८६१ चा कलकत्त्यातील निकाल पाहा: पी अँड ओ जहाज कंपनीचा घोडा खिदिरपूर गोदीतील सरकारी कामगारांच्या हलगर्जीपणाने जखमी झाला होता. भरपाई मिळाली, कारण गोदी चालवणे हे खासगी माणूसही करू शकेल असे काम होते. सार्वभौम अधिकारातील कृत्यांना मात्र सरन्यायाधीश पीकॉक यांनी वेगळे काढले. घोड्याला न्याय मिळतो, राणीला नाही. कारण एकच, सरकार कोणत्या भूमिकेत होते.

६/ ६५व्या कलमाचा हा वारसा १९१५ आणि १९३५ च्या कायद्यांतून थेट आपल्या संविधानाच्या ३००व्या अनुच्छेदात उतरला. १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी कस्तुरीलाल यांच्या पेढीचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, भरपाई मात्र नाकारली: अधिकार सार्वभौम होता. निकाल देणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी कायदेमंडळाला याबाबत कायदा करण्याचे आवाहन केले. पुढे न्यायालयांनीच या निकालाची धार बोथट केली. असा सर्वंकष केंद्रीय कायदा मात्र आजवर झालेला नाही.

७/ म्हणून मित्रहो, एखादे खाते विलीन होते, महामंडळ गुंडाळले जाते, राज्याचे विभाजन होते, तेव्हा देणी नव्या संस्थेकडे वर्ग झाली एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा. देणेकरी कोण? प्रलंबित दावे कुणाविरुद्ध चालणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, जुन्या संस्थेच्या देण्यांबरोबर तिच्या पळवाटाही वारशात आल्या आहेत का?

८/ साम्राज्याने आपली देणी मोडली नाहीत, असे सांगणाऱ्यांना कामाक्षीबाईंचे नाव ऐकवा. देणे मोडण्याची गरजच पडली नाही. ते मागण्याचे दार बंद करणे पुरेसे होते.