पाटसच्या मुलीने स्त्री अभ्यासात पीएचडी का करावी?

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत अधिछात्रवृत्तीवर चर्चा सुरू असताना 'पीएचडी करून काय दिवे लावणार?' असा सवाल झाला. त्याच वर्षी बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले होते. या वादाच्या मुळाशी वर्षाला २०० जागांची मर्यादा होती. संशोधनाचा विषय लिंगभाव अभ्यास असेल, तर दुसरा सवाल आपल्याच घरातून येतो : हे शिकून नोकरी कुठे लागणार?

उत्तर देताना बाबासाहेबांपासून सुरुवात करू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीतल्या जातीत लग्न हा जातीचा पाया आहे आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा आल्या, ही त्यांची मांडणी. म्हणजे स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात चालत नाही. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी हाच धागा अभ्यासक्रमात आणला. लिंगभाव अभ्यास हा परका विषय नाही, तो आंबेडकरी विचाराच्या गाभ्यातला आहे.

आता पाटसकडे पाहू. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, सोलापूर महामार्गावरचे हे गाव. जवळच साखर कारखाना. हंगामात ऊसतोड कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, पण उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीने केली. फडातल्या बाईच्या मजुरीचा आणि आरोग्याचा अभ्यास मात्र अजून बराच बाकी आहे. याच महामार्गावर चौफुला आहे, तिथल्या कला केंद्रांत लावणी कलावंत पोट भरतात. शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. प्रबंधाचे तीन विषय एकाच तालुक्यात आहेत.

हे विषय लिहिणार कोण, हा खरा प्रश्न आहे. बाहेरचा अभ्यासक येतो, मुलाखती घेतो, पदवी मिळवतो. आपल्या आया-बहिणी त्यात 'माहिती देणाऱ्या' म्हणून उरतात. शैलजा पाईक यांनी हे चित्र बदलले. येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या पाईक यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणावर आणि तमाशातील स्त्रियांवर ग्रंथ लिहिले. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या दलित महिला.

वाट सोपी नाही, पण नियम माहीत असले तर निम्मी अडचण सरते. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशाची सोय झाली. जेआरएफ नसेल तर नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरले जातात. नेटमध्ये स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीची मुदत सहा वर्षांची आहे, महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळू शकते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये आहे. जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. कागद अपुरे म्हणून वर्ष वाया जाऊ देऊ नये.

अधिछात्रवृत्ती महिनोन्महिने थकली की सर्वांत आधी मुलगी घरी परतते आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून अधिछात्रवृत्ती दरमहा मिळावी आणि जागांची मर्यादा उठावी, या मागण्या केवळ विद्यार्थ्यांच्या नाहीत, त्या चळवळीच्या आहेत. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग विहारातल्या अभ्यासिकेला, नेटच्या पुस्तकांना आणि एका मुलीच्या परीक्षा शुल्काला द्यायला काय हरकत आहे? गावोगावच्या मंडळांनी येत्या बैठकीत हा ठराव मांडावा. दिवे कोण लावणार, याचे उत्तर तिथूनच निघेल.