डोक्यावर देणं असताना सल्ला कसा पोचणार?

‘किती वेळा सांगायचं? शेतकरी ऐकतच नाही.’ शेतीवरच्या कोणत्याही बैठकीत हे वाक्य चहासारखे हमखास येते. माना डोलतात आणि विषय संपतो. शेतकऱ्याला सांगितलेले का पोचत नाही यावर मोलाचा अभ्यास झालेला आहे. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याच कानावर मात्र गेलेला नाही.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर केलेला हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी ४६४ शेतकऱ्यांची परीक्षा दोनदा घेतली, एकदा ऊस तुटण्याआधी आणि एकदा तुटल्यानंतर, पैसे हातात आल्यावर. परीक्षा म्हणजे आकृत्यांची कोडी. दुसरी गंमत अशी की ५ ५ ५ असे लिहिलेले दाखवायचे आणि आकडे किती आहेत ते झटकन विचारायचे. तोंडातून ‘पाच’ निघतं, उत्तर असतं ‘तीन’. करून बघा घरी. शेतकरी तोच, डोकं तेच, तरी तोडणीआधी तो जास्त चुकला आणि नंतर कमी. आधी शंभरातल्या ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकलेले होते, नंतर फक्त चौघांनी. कारखाना तोडणीच्या तारखा मागेपुढे देतो. एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला, कुणाचा उभा, त्यामुळे हा हवामानाचा फरक म्हणून सोडून देता येत नाही. पैशाची काळजीच डोक्यातली जागा अडवून बसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या आकडेमोडीवर इतर अभ्यासकांनी शंका घेतल्या, हेही सांगितले पाहिजे.

उचल घेऊन कोयत्याला जाणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यात हे पारावर सांगितले तर लोक म्हणतील, ‘साहेब, हे कळायला सायन्स कशाला पाहिजे?’ खरे आहे. पण उणीव माणसाच्या अकलेत नसून वेळेत आहे, ही गोष्ट त्या बैठकीतल्या माना डोलावणाऱ्यांना कुणीतरी कागदावर दाखवायला हवी होती.

आता आपला सल्ला केव्हा येतो? मे संपता संपता आणि जूनमध्ये. तेव्हा शेतकरी बी-खताच्या पैशासाठी सोसायटी, बँक, सावकार अशा चकरा मारत असतो. त्यात पोरांची फी. अशा माणसाला बीजप्रक्रिया, खतमात्रा, वाण, विमा असं सगळं एकाच दुपारी मांडवात ऐकवायचं आणि वर तो ऐकत नाही म्हणायचं! घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून सत्तर उगवतात का बघायचे, एवढीच गोष्ट घ्या. दिवाळीनंतर, माल विकून हात जरा मोकळा असताना ती निवांत सांगता येते. ऊसतोड कुटुंबे मात्र तेव्हा फडात असतात. त्यांना पाडव्यानंतर, परतल्या परतल्या गाठावे लागेल. उचल फिटलेली नसेल तर त्यांचे डोके तेव्हाही मोकळे नसणार, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

वेळ साधली तरी भाषा आडवी येतेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस झोडपला, बीडही सुटले नाही. पत्रकाची भाषा अशी असते: ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडताच शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी.’ हीच गोष्ट अशी सांगता येते: एकरात ठिकठिकाणची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा, दोनांत जिवंत अळी निघाली की फवारा. शास्त्र तेच आहे, एक कणही कमी केलेला नाही. आपल्याकडे हिशेब एकराचा आणि पंपाचा, पत्रकात मात्र हेक्टर. चिंतेत असलेल्या माणसाने अडीचने भागत बसावे, ही अपेक्षाच चुकीची.

कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक आहे, परभणीला १९७२ पासून विद्यापीठ आहे. माहितीचा दुष्काळ नाही. माझी सूचना साधी आहे. पत्रक छापायला देण्याआधी कापूस वेचणाऱ्या चार बायांना आणि दोन शेतकऱ्यांना वाचून दाखवा. त्यांनी तेच आपल्या शब्दांत परत सांगितलं तर छापा, नाहीतर फाडून नवे लिहा. एका संध्याकाळचे काम आहे, आणि त्याला वेगळा निधीही लागत नाही.