अवघड साप कोणासाठी?

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातले गाव. मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिर आणि तिथली पुष्करणी यांसाठी ते ओळखले जाते. भोवताली माळरान, ज्वारी-बाजरीची रानं, कडब्याच्या गंजी आणि दगडी ताली. उंदरांना हे सगळे मानवते, म्हणून सापांनाही मानवते. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात घरात साप निघाला की फोन जातो तो जवळच्या सर्पमित्राला. हा बहुधा पंचविशीतला मुलगा असतो. सुरुवातीला धामण आणि दिवड, मग नाग, मग रात्री-अपरात्री मण्यार आणि घोणस. चार-पाच पावसाळ्यांत हात बसतो. त्यानंतर मोबाइलवर परदेशातले हिरवेगार, पिवळेधमक साप दिसू लागतात आणि प्रश्न पडतो, की आता याच्या पुढचा साप कोणता? पुण्यातल्या सदनिकेत काचेच्या पेटीत बॉल पायथन सांभाळणाऱ्या हौशी माणसालाही नेमका हाच प्रश्न पडतो.

या प्रश्नात ‘अवघड’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र कालवले जातात. सांभाळायला अवघड साप वेगळा आणि चावला तर जीव घेणारा साप वेगळा. पहिला माणसाच्या ज्ञानाची परीक्षा घेतो, दुसरा फक्त नशिबाची. दुर्दैवाने आपल्याकडे टाळ्या दुसऱ्याला पडतात.

आधी कायद्याचे. आपल्या रानातला कोणताही साप पाळता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी सापांना संरक्षण आहे. नाग किंवा अजगर पहिल्या अनुसूचीत असल्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. पकडलेला नाग ‘नागपंचमीपर्यंत राहू दे’ म्हणून बरणीत ठेवणे हीसुद्धा मैत्री नव्हे, गुन्हाच. तेव्हा पाळण्याचा प्रश्न उरतो तो परदेशी सापांपुरता. २०२२च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. बॉल पायथन या यादीत आहे. गंमत म्हणजे त्याच्याइतकाच लोकप्रिय असलेला अमेरिकेतला कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही.

सांभाळायला खरोखर अवघड साप कसा असतो, हे पाहायचे तर न्यू गिनीतला हिरवा वृक्ष-अजगर घ्यावा. विषारी नाही. पिल्लू पिवळे किंवा विटकरी जन्मते आणि काही महिन्यांनी हिरवे होते. दिवसभर फांदीवर वेटोळे घालून बसते. दिसायला सोपे, पण त्याला दिवसा साधारण २८ ते ३१ अंश तापमान लागते. रात्री दमट आणि दिवसा किंचित कोरडी हवा लागते. सतत ओले ठेवले तर त्वचा आणि फुफ्फुसे बिघडतात, सतत कोरडे ठेवले तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. पिल्ले कित्येकदा पहिला घास घ्यायलाच तयार नसतात. आता हे सगळे बारामतीच्या एप्रिल-मेमध्ये करून पाहावे. पारा चाळिशी ओलांडलेला, हवा ठणठणीत कोरडी आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. इथे पेटी तापवायची नसते, गार ठेवायची असते. परदेशातल्या पुस्तकांतला निम्मा सल्ला उलटा वाचावा लागतो! साप तपासणारा पशुवैद्य तालुक्याच्या गावी मिळेल याची खात्री नाही, आणि बॉल पायथनसारखा साप सहज वीस-तीस वर्षे जगतो. पंचविशीत घेतलेला साप पन्नाशीपर्यंत घरात असणार. या मधल्या काळात नोकरी, लग्न, गाव बदलणे हे सगळे येते. सर्वात अवघड भाग हाच, पण तो चित्रफितीत दिसत नाही.

याच सापाची आणखी एक बाजू आहे. इंडोनेशियातून ‘बंदिवासात जन्मलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांचा संशोधकांनी माग काढला. त्यांतले किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले असावेत, असा अंदाज २०११मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कागद स्वच्छ असला तरी साप चोरीचा असू शकतो. अनुभवी माणसाने पहिला प्रश्न सापाला किती हाताळता येते हा विचारू नये. हा कुठे जन्मला आणि कोणाकडे अंड्यातून निघाला, हे आधी विचारावे. त्याला उत्तर नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आता दुसऱ्या अर्थाचा अवघडपणा. जून २०२५च्या पहिल्या दिवशी बातमी आली, की मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून ४७ विषारी साप जप्त केले. त्यांत ४४ इंडोनेशियातले पिट व्हायपर होते आणि तीन शेपटीला कोळ्यासारखा गोंडा असलेले शिंगवाले व्हायपर. हा दुसरा साप इराणच्या पश्चिम डोंगराळ भागातला. विज्ञानाला त्याची वेगळी ओळख पटली तीच २००६मध्ये. एवढा दुर्मीळ साप कोणीतरी मागितल्याशिवाय येत नाही. सामान्य माणूस तो मागणार नाही. ‘पुढचा’ साप हवा असलेला मागतो.

आरोग्याचा मुद्दा इथे येतो आणि तो सरळ आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. सह्याद्रीतल्या चापड्यावरसुद्धा तिचा भरवसा धरता येत नाही, मग इंडोनेशियातल्या किंवा इराणमधल्या सापाचे काय? थायलंडातल्या हिरव्या पिट व्हायपरवरची लस बँकॉकमध्ये बनते. ती लोणीतल्या किंवा बारामतीतल्या रुग्णाला वेळेत मिळणे अशक्यच. डॉक्टर समोर बसून लक्षणांवर उपचार करत राहतील, एवढेच.

‘पण मला अनुभव आहे’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या कार्ल श्मिट यांच्याइतका अनुभव फार थोड्यांना असेल. आयुष्य सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासात गेले होते. सप्टेंबर १९५७मध्ये ओळख पटवण्यासाठी आलेले बूमस्लँगचे पिल्लू त्यांच्या अंगठ्याला चावले. पिल्लू लहान, म्हणून त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. स्वतःच्या लक्षणांची टिपणे मात्र नीट लिहिली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

शिवाय शरीराचा अनुभव मनाच्या अनुभवासारखा वागत नाही. दोन-तीन दंश पचवले म्हणजे विष ‘अंगवळणी’ पडते, ही समजूत सर्पमित्रांमध्ये घट्ट आहे. घडू शकते ते उलट. विषाशी वारंवार संबंध आल्याने त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते. मग पुढच्या दंशात विष चढण्याआधीच रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. घोड्याच्या रक्तापासून बनणारी लस पूर्वी घेतली असेल तर तिचीही तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता राहते. तिसऱ्या दंशाचा माणूस पहिल्या दंशाच्या माणसापेक्षा सुरक्षित नसतो.

ब्रिटनमध्ये विषारी साप घरी ठेवायला १९७६च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. पशुवैद्य येऊन जागा पाहतो, विमा काढावा लागतो. आपली नोंदणी मालकी सांगते, लायकी तपासत नाही. नियमांत एवढी भर तरी पडायला हवी, की परदेशी विषारी साप खासगी घरात मुळीच नको. बिनविषारी पण नाजूक प्रजातींसाठी आधी सोप्या सापाची काही वर्षांची नोंदवही दाखवावी लागावी. खाल्ले कधी, कात टाकली कधी, वजन किती. ज्याने बॉल पायथनचे चार महिन्यांचे उपोषण न घाबरता आणि न कोंबता निभावले, त्याला हिरवा अजगर झेपेल. ज्याला त्याचा कंटाळा आला, त्याला नाही.

आणि गावाकडच्या सर्पमित्राला खरेच अवघड काम हवे असेल तर ते दाराशी आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण. मार्च २०२४मध्ये केंद्राने हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी सर्पदंशाची सक्तीने नोंद घ्यावी, असे राज्यांना कळवले. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि घरचे पित्ताची गोळी देतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अशा तक्रारीवरून मण्यार ओळखणे आणि देवऋष्याकडे निघालेली गाडी दवाखान्याकडे वळवणे, याला नाग पकडण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. पकडलेला साप दहा कोसांवरच्या वनात नेऊन सोडण्याऐवजी शक्य तितक्या जवळ सोडायला गावकऱ्यांना राजी करणे तर त्याहून कठीण. अनोळखी मुलखात सोडलेला साप भरकटतो आणि बऱ्याचदा मरतो. पण हे ‘पुन्हा घरात येईल’ म्हणणाऱ्या आजीला पटवायचे कसे, हे कुठल्याच पुस्तकात दिलेले नाही.