उतरायचं कशाला?

बोटीत माणूस बसतो तो उतरण्यासाठी, अशी माझी आपली एक कोकणी समजूत. बोटी चालू होत्या तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला निघालेल्या माणसाचं सगळं लक्ष बंदर कधी येतं याकडे असे. पोटातलं होतं नव्हतं ते समुद्राला अर्पण झाल्यावर तर तो हेलकावणाऱ्या पडावातसुद्धा आनंदानं उडी मारी.

मियामीच्या रॉयल कॅरिबियन कंपनीला ही समजूत मान्य नाही. २०२४ च्या जानेवारीत तिनं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज प्रवाशांना घेऊन सोडलं. लांबी ३६५ मीटर, मजले २०, प्रवासी दाटीवाटीनं ७,६०० आणि त्यांची सरबराई करायला २,३५० माणसं. टनेजच्या हिशेबात टायटॅनिकच्या पाचपट. (बोटीच्या गोष्टीत टायटॅनिकचं नाव काढू नये असं सौ.चं म्हणणं, पण दुसरं माप आणायचं कुठून?) एवढ्यानं भागलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीनं या घराण्यातल्या चौथ्या जहाजाची ऑर्डर फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीला दिली, वर पाचव्या-सहाव्याचा हक्क राखून ठेवला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या आमच्या पिढीला हे ऐकूनच घेरी येते.

बरं, या जहाजावर आहे काय? तर पोहण्याचे तलाव सात! चहूकडे समुद्र आणि मधे सात तलाव. आमराईत बसून डब्यातला आमरस खावा तसलाच प्रकार. शिवाय पाण्याच्या सहा घसरगुंड्या, बर्फावर घसरायची सोय, झाडं लावलेली बाग. हे सगळं कशासाठी, तर प्रवाशानं उतरू नये म्हणून. प्रवासी उतरला की त्याच्याबरोबर पाकीटही उतरतं, आणि टॅक्सीवाल्याच्या नाहीतर खानावळवाल्याच्या हाती पडतं. हे कंपनीला कसं सोसावं? उतरायची हौसच असेल तर बहामाजमध्ये कोकोके नावाचं कंपनीचं आपलं बेट आहे, तिथे उतरा! खिसा डावा काय नि उजवा काय, कोट एकाचाच.

कुणी म्हणेल, लोक हौसेनं जातात, तुमच्या पोटात का दुखतं? मग व्हेनिसला विचारा. घरांच्या कौलांवरून डोकावणारी जहाजं दारातून जायला लागली, तेव्हा २०२१ मध्ये इटलीच्या सरकारनं २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोपुढचं पाणी बंद केलं. आयकॉन अडीच लाखांच्या घरातलं! बार्सिलोनानं २०२५ मध्ये आपली सात टर्मिनलं २०३० पर्यंत पाचवर आणायचं ठरवलं. गर्दी गावात, धूर गावात आणि पाहुणे जेवायला पुन्हा बोटीवर! गावं दारं लावताहेत नि ही कंपनी पाहुणे वाढवते आहे. तक्रार तरी करायची कुणाकडे? कचेरी मियामीत, कंपनीची नोंदणी लायबेरियातली, जहाज फिनलंडमध्ये बांधलेलं, झेंडा बहामाजचा.

असल्या जहाजांवर राबणाऱ्यांत गोव्या-कोकणातली पोरं पुष्कळ. आमच्या ओळखीचा मालवणचा एक मुलगा दुसऱ्याच कुठल्याशा बोटीवर वाढपी आहे. महिनोन्महिने त्याला रविवार नाही. सुटीवर आला तेव्हा सौ. म्हणाली, "एवढी गावं पाहिलीस, सांग की काहीतरी!"

"काकू," तो म्हणाला, "बंदर लागलं की आमची निजायची वेळ."