दात शिवशिवतात? मग ऐका!

आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला ताप आला की अर्धी विंग गोळा होते. पाय मुरगळला तर गाडीवर मागे बसवून डॉक्टरकडे नेणारे दहाजण निघतात. पण कुणी कुल्फीचा घास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि गाल दाबून धरला, की सगळं टेबल खो खो हसतं! "आजोबा झालास रे!" हे वाक्य मेसमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये 'आजीबाई' म्हणतात, एवढाच फरक. माझं स्पष्ट मत आहे की हा विनोद आपल्याला महाग पडतो. कारण हसणं झालं की तो माणूस गुपचूप स्टोअरमध्ये जातो, 'सेन्सिटिव्ह' लिहिलेली एक ट्यूब घेतो आणि विषय संपतो. दातात नेमकं काय चाललंय हे ना त्याला कळतं, ना आपल्याला.

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द मला जाहिरातीतून आला आणि तोच बरोबर असं वाटत होतं. आमची आजी मात्र कैऱ्या फस्त केल्यावर विचारायची, "काय गं, आंबले ना दात?" आंबणे! म्हणजे आजीच्या शब्दातच कारण सांगून ठेवलंय, आंबट. जाहिरातवाल्यांच्या शब्दात कारण शोधून सापडत नाही. दात जणू स्वभावानेच हळवे आहेत, त्यांना बिचाऱ्यांना गोंजारा, असा त्याचा सूर. दात हळवे नसतात हो, ते उघडे पडलेले असतात.

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. (पळू नका, परीक्षेत येणार नाही.) दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, आणि त्यात नसा नाहीत. त्याखाली डेंटिन. या डेंटिनमध्ये आतल्या गाभ्यापासून बाहेरपर्यंत हजारो बारीक नळ्या असतात. एकेकीचा व्यास जेमतेम एक-दोन मायक्रॉन, आणि आत पाण्यासारखा द्रव भरलेला. इनॅमल झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं, की या नळ्यांची तोंडं उघडतात. थंड पाणी लागलं की आतला द्रव हलतो, तो हलला की आतल्या टोकाची नस खेचली जाते आणि सण्णकन कळ जाते. ही उपपत्ती स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी मांडली. आजही तीच सर्वात जास्त मानली जाते.

इथे आपल्या ओळखीचे एक गृहस्थ भेटतात, प्वाझय! नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. दात बरा वाटायला नळ्या शंभर टक्के बुजायची गरज नाही, थोड्या अरुंद झाल्या तरी फरक पडतो, त्याचं गणित हे असं आहे. सेकंड इयरला हे सूत्र पाठ करताना कुणी हे उदाहरण दिलं असतं, तर मी ते जन्मात विसरले नसते.

मग या नळ्या उघडतात कशाने? आपल्या बाबतीत दोन मोठी कारणं आणि दोन्ही हॉस्टेलमध्येच राहतात.

पहिलं, सबमिशनच्या रात्री. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. कोलाचा पीएच असतो अडीचच्या आसपास, लिंबाच्या रसाचाही तसाच. लाळ हे आम्ल हळूहळू निवळून टाकते, तिला वेळ मिळाला तर. आपण काय करतो? एक बाटली टेबलावर ठेवून रात्री दहा ते एक घोट घोट घेत असाइनमेंट उतरवतो. प्रत्येक घोटाला लाळेचं काम पुन्हा शून्यापासून सुरू. त्यापेक्षा जेवताना दहा मिनिटांत सगळी बाटली संपवलेली परवडली. लिंबू सोडा, चिंच, कैरी, कोकम सरबत यांनाही हाच हिशोब लागू. सोडून द्या असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात मीही सोडणार नाही. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, आणि लगेच ब्रश करू नका. आम्लाने वरचा थर मऊ झालेला असतो, त्यावर ब्रश म्हणजे ओल्या प्लास्टरवर खराटा. अर्धा तास तरी जाऊ द्या.

दुसरं कारण, तो खराटा. सकाळी आठच्या लेक्चरसाठी पावणेआठला उठून बेसिनशी जे काही चालतं, त्याला दात घासणं म्हणत नाहीत, भांडी घासणं म्हणतात. आडवा हात, सगळी ताकद, कडक ब्रश. हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. मुळावर इनॅमल नसतंच, त्यामुळे तिथून डेंटिन लवकर उघडं पडतं. ब्रश मऊ हवा, हिरडीकडे तिरका धरायचा, हलक्या हाताने आणि छोट्या हालचालींनी. जोर लावल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत. घरून राखुंडी, मिश्री घेऊन येणारेही आपल्यात आहेत. राखुंडी म्हणजे सरळ पॉलिश पेपर. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी घातली, ती उगाच नाही. सुपारी दिवसभर चघळणाऱ्यांच्या दाढा वरून सपाट होतात, हे तर आरशातसुद्धा दिसतं.

आता पेस्ट. त्या थोतांड आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. अनेक पेस्टमध्ये पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजे आपला सोरा, बंदुकीच्या दारूतला. त्यातलं पोटॅशियम नसेभोवती साठून तिचा आरडाओरडा कमी करतं. पण त्याला दिवसातून दोनदा वापरून दोन ते चार आठवडे लागतात. आपली मंडळी दोन दिवस वापरून "काही उपयोग नाही" म्हणून ट्यूब रूममेटला देऊन टाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेस्ट नळ्यांची तोंडंच बुजवतात. त्यातल्या नोव्हामिनची गोष्ट मला फार आवडते. मूळ पदार्थ आहे बायोग्लास, हाडाशी सांधणारी काच. ती १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी बनवली, आणि हेंच डॉक्टर नव्हते, सिरॅमिक्सचे इंजिनिअर होते! मटेरियल सायन्सला झोपा काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी. कुठलीही पेस्ट असो, घासून झाल्यावर थुंका, पण लगेच भरपूर चुळा भरून सगळं औषध धुऊन टाकू नका.

आणि आता माझ्या भांडणाचा खरा मुद्दा. शिवशिवणं आणि किडणं सुरुवातीला सारखंच वाटू शकतं. आमच्या मजल्यावरची एक मैत्रीण सहा महिने सेन्सिटिव्ह पेस्ट लावत होती. दोन दाढांच्या फटीत कीड होती, आरशात दिसणं शक्यच नव्हतं. परीक्षेच्या आदल्या रात्री गाल सुजला, लवंग तेलाचा बोळा आणि पेनकिलर यांवर पेपर दिला, आणि सुट्टीत रूट कॅनल. वेळेवर एकदा कुणी दात तपासले असते तर साध्या फिलिंगमध्ये भागलं असतं. फरक ओळखायची एक ढोबळ खूण लक्षात ठेवा. थंड बाजूला केल्यावर कळ क्षणात गेली, तर बहुधा शिवशिवणं. कळ रेंगाळली, ठणका लागला, रात्री झोपेतून उठवलं किंवा एकच दाढ चावताना दुखली, तर पेस्ट बाजूला ठेवा आणि डेंटिस्ट गाठा. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवण्याचा जो गावठी उपाय आपल्याकडे फिरतो, त्याने हिरडी भाजते. तो बंद करा बाबांनो.

"पैसे कोण देणार?" हा प्रश्न रास्त आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे. तिथे खाजगी दवाखान्याच्या मानाने अगदी थोडक्यात काम होतं, फक्त रांगेत अर्धा दिवस काढायची तयारी हवी. खाजगी डेंटल कॉलेजांनाही शिकाऊ मुलांसाठी पेशंट हवेच असतात.

म्हणूनच माझी मागणी आहे की दरवर्षी ॲडमिशननंतर हॉस्टेलमध्ये दातांची एक तपासणी व्हावी. रक्तदान शिबिर आपण झोकात करतो, मग एखाद्या डेंटल कॉलेजला एक दिवस बोलावणं काही अवघड नाही. हा विषय काढल्यावर एका सरांनी मला सांगितलं, "हे हॉस्टेल आहे, हॉस्पिटल नव्हे." सर, मान्य. पण शेकडो मुलं इथे चार वर्षं राहतात, फीमध्ये मेडिकलच्या नावाने रक्कम घेतली जाते, आणि फर्स्ट एडच्या पेटीत पॅरासिटामॉल आणि बँडेजपलीकडे काही नाही. एक दिवस, चार खुर्च्या, एक हॉल, एवढंच मागतेय.

अर्ज रेक्टर ऑफिसमध्ये दिलाय, सह्यांचा कागद मेसच्या दाराशी लावलाय. बॉइज हॉस्टेलकडून अजून फारच कमी सह्या आल्यात, याची इथे जाहीर नोंद! स्टोअरमध्ये आजवर फक्त मिडियम आणि हार्ड ब्रश मिळायचे. काकांशी बोलले, तर म्हणाले, "सॉफ्टला गिऱ्हाईक नाही, पोरी." शेवटी एक डझन मागवायला कबूल झालेत. खपले तर पुढचे मागवतील.