परदेशातले दुकान आणि कामगाराचा न मांडलेला हिसाब

नागपूरच्या कापड बाजारात गेल्या काही वर्षांत दुबईची चर्चा वाढली आहे. तिला कारणेही आहेत. पूर्वी दुबई शहरात दुकान काढायचे तर ५१ टक्के भाग तिथल्या नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. २०२१ च्या जूनपासून बहुतेक धंद्यांना ती अट राहिली नाही. १ मे २०२२ पासून भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला व्यापार करार लागू झाला आणि कापडासह बऱ्याच भारतीय मालावरची जकात उठली. साहजिकच इतवारी, गांधीबाग, मोमिनपुऱ्यातले आपले व्यापारी बांधव आमच्या रामदासपेठेतल्या कचेरीत चौकशीला येतात. भाडे किती, परवान्याची फी किती, गाठी मुंबईहून जहाजाने पाठवाव्या की विमानाने, हे सर्व विचारतात. माणसे कुठून घेणार, असे आम्ही उलट विचारले की एकच उत्तर मिळते : "आपल्याच मोहल्ल्यातली दोन पोरे घेऊन जाऊ. घरचीच आहेत."

या 'घरचीच आहेत' मध्ये सगळी गोम आहे. घरचा म्हणून करार लिहायचा नाही, घरचा म्हणून तास मोजायचे नाहीत आणि घरचा म्हणून शेवटचा हिसाब ठेवायचा नाही. दुसऱ्यांना दोष देण्याआधी आम्ही आमचीच चूक सांगतो.

बक्षीस नको, हिसाब द्या

दुबईतल्या आमच्या दुकानात २०१६ साली ओळखीतला एक मुलगा विक्रीच्या कामावर लागला. कामाला चोख, ग्राहकाशी गोड, ताका उलगडण्यात हात बसलेला. सात वर्षे त्याने गल्ला सांभाळला आणि एका दिरहमचाही फरक पडू दिला नाही. २०२३ च्या अखेरीस वडील थकले म्हणून त्याने नोकरी सोडायचे ठरवले. तो नागपूरला परतला आणि कचेरीत येऊन बसला. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली. मग हळूच म्हणाला, "चाचा, माझा हिसाब?"

आम्ही भागीदारांनी एकमेकांकडे पाहिले. लाखभर रुपये आणि बहिणीच्या लग्नासाठी कापड द्यावे, असे आमच्यात आधीच ठरले होते. आमच्या मते तो मोठेपणा होता. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "बक्षीस नको. जो हिसाब निघेल तो द्या."

त्याच संध्याकाळी आम्ही जवळच्याच सी.ए.कडे वह्या घेऊन गेलो. कोणत्या गिऱ्हाईकाकडे किती ताक्यांची उधारी आहे, कोणत्या दलालाची किती दलाली बाकी आहे, सारे चोख लिहिलेले होते. मुलाच्या नावावर मात्र दरमहा दिलेल्या पगारापलीकडे एक ओळ नव्हती. सी.ए.ने विचारले, "याची ग्रॅच्युइटी कुठे धरली आहे?" आम्ही गप्प बसलो.

हिसाब असा निघाला. त्याचा एकूण पगार २,५०० दिरहम. त्यात मूळ पगार १,५००, बाकी राहण्याचा आणि येण्याजाण्याचा भत्ता. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या ५ वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार द्यावा लागतो. दिवसाचे ५० दिरहम धरले तर पहिल्या पाच वर्षांचे ५,२५० आणि पुढच्या दोन वर्षांचे ३,०००. एकूण ८,२५०. त्याने न घेतलेल्या एका वर्षाच्या रजेचे १,५०० वेगळे. म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर रक्कम झाली. आम्ही लाखभर देऊन उपकार करायला निघालो होतो आणि देणे त्याच्या दुपटीचे होते.

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळे देणे चुकते करावे, असा तिथला नियम आहे. आम्ही बाजूला काहीच काढून ठेवले नव्हते. शेवटी तीन हप्त्यांत पाच महिन्यांनी पैसे दिले. मुलाने तक्रार केली नाही, आमची उमर पाहून तो गप्प राहिला. पण त्याने तक्रार केली नाही म्हणून आम्ही बरोबर होतो असे होत नाही. दरमहा ८७-८८ दिरहम आणि सहाव्या वर्षापासून १२५ दिरहम बाजूला ठेवले असते तर ही वेळ आलीच नसती.

कायदा काय मागतो

जाणाऱ्यांनी निदान पुढच्या गोष्टी समजून घ्याव्यात. अमिरातीचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा असून तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. करार लेखी आणि ठरावीक मुदतीचा हवा. उमेदवारीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ तास आणि आठवड्यात निदान एक सुटी. वर्ष पूर्ण झाले की ३० दिवसांची भरपगारी रजा. आजारपणात वर्षाला ९० दिवस रजा, त्यातले पहिले १५ पूर्ण पगाराचे, पुढचे ३० अर्ध्या पगाराचे, उरलेले बिनपगारी. बाई कामाला असेल तर बाळंतपणाची ६० दिवस रजा, त्यातले ४५ दिवस पूर्ण पगार आणि १५ दिवस अर्धा.

व्हिसाचा आणि नेमणुकीचा खर्च मालकाचा. तो पगारातून कापता येत नाही. आपल्याकडे "व्हिसाचे पैसे वर्षभरात फेडून घेऊ" असे सर्रास बोलले जाते, ते तिथे बेकायदा आहे. कामगाराचा पासपोर्ट मालकाने आपल्या तिजोरीत ठेवणेही बेकायदा आहे. नोकरी संपली आणि माणूस तिथेच दुसरीकडे लागला नाही, तर परतीचे तिकीटही मालकाकडेच.

पगार हातात रोख देऊन वहीत अंगठा घेण्याचे दिवस तिथे २००९ पासून संपत आले. पगार बँकेमार्फत सरकारी यंत्रणेतून जातो आणि तारीख चुकली की ते कामगार मंत्रालयाला आपोआप कळते. मग नवे वर्क परमिट अडकतात. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्याचा निकाल २०२४ पासून मंत्रालय स्वतःच देते. तेव्हा आरोग्य विमा, वेळेवर पगार आणि शेवटचा हिसाब हा दुकानभाड्यासारखाच पक्का खर्च समजावा.

एक पळवाट मात्र आपले लोक लवकर शिकतात. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते, म्हणून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे लिहायचे. त्याच २,५०० पैकी मूळ पगार १,००० लिहिला तर सात वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ५,५०० होते. संपूर्ण २,५०० मूळ पगार धरला तर ती १३,७५० होते. कागदावरच्या एका आकड्याने माणसाचे आठ हजार दिरहम जातात आणि सही करताना त्याला ते कळतही नाही. आपल्या देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा असे ठरवले आहे. तिथे सक्ती नसली तरी हेच प्रमाण आपण स्वतःहून पाळावे. निदान करार करताना मुलाला दोन्ही आकडे समजावून सांगावेत.

रमजानचा सीझन

कापडवाल्याची खरी परीक्षा रमजानमध्ये होते. ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे वर्षाची कमाई. तरावीहनंतर गर्दी सुरू होते ती सहरीपर्यंत हटत नाही. आणि नेमके याच महिन्यात कायदा कामाचे दोन तास कमी करतो. रोजा असो वा नसो, सर्व कामगारांना हा नियम लागू आहे. जास्त वेळ थांबवले तर मूळ पगाराच्या दरावर २५ टक्के जादा आणि रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के जादा. पाळीने काम करणाऱ्यांचा नियम थोडा वेगळा आहे. म्हणून मोठी दुकाने रमजानसाठी आधीच दोन पाळ्या लावतात.

आपण काय करतो? चाँदरातीला पाकिटात ईदी घालतो आणि जादा तासांचा विषय संपला असे मानतो. ईदी खुशीची असते, जादा तासांचा पैसा हकाचा असतो. एकातून दुसऱ्याची फेड होत नाही. रोजा ठेवून रात्री दोन वाजेपर्यंत थान उचलणाऱ्या मुलाच्या तासांची वही ठेवायला दुकानदाराला रोज पाच मिनिटे लागतील.

नागपुरातून निघण्यापूर्वी

सर्वांत मोठी चूक आपल्या शहरातच होते. मुलाला फिरण्याच्या व्हिसावर नेऊन दुकानात उभे करायचे आणि "पुढे कागद करू" म्हणायचे. परमिटविना कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड २०२४ मध्ये वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम केला आहे. दुकान विकले तरी तो भरून निघणार नाही. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर बहुधा इमिग्रेशन तपासणीची नोंद असते. अशा मुलाला नोकरीसाठी आखातात पाठवताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे मंजुरी लागते आणि ती 'ई-मायग्रेट' या सरकारी व्यवस्थेतून मिळते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास त्यातून १० लाख रुपये मिळतात आणि हप्ता काहीशे रुपयांचाच आहे. फिरण्याच्या व्हिसावर गेलेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या आईसमोर कोणता मालक उभा राहणार आहे?

सौदीत जाणाऱ्यांनी हेच आकडे तिथे लावू नयेत. तिथे पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार अशी मोजणी आहे. नोकरी स्वतः सोडली तर दहा वर्षांच्या आत रक्कम कमी होते. पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांच्या दुकानांत २०१८ पासून बहुतांश जागा सौदी नागरिकांसाठी राखीव झाल्या आहेत. प्रत्येक मुलकाचा कायदा वेगळा आहे. तो तिथल्या जाणकाराकडून समजून घेऊन मगच पाऊल टाकावे.

'परवडत नाही' याचे उत्तर

काही बंधू म्हणतील, लहान दुकानाला हे सारे परवडणार नाही. आमचे म्हणणे असे की, भाडे परवडते, परवाना परवडतो, उधारीत बुडालेली रक्कम परवडते, मग ज्याच्या हातावर दुकान चालते त्याचेच देणे का परवडू नये? ते धरून नफा उरत नसेल तर त्या दुकानात नफा नव्हताच. आपण दुसऱ्याचे पैसे नफा म्हणून मोजत होतो. दुसरे असे सांगतात की, आम्ही मुलाला राहायला जागा देतो, जेवू घालतो, सख्ख्या पुतण्यासारखा ठेवतो. चांगली गोष्ट आहे. पण पुतण्यासारखा असेल तर त्याचा हक परक्यापेक्षा जास्त धरायला हवा. आपण तो कमी धरतो.

याच नागपुरात जमशेदजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली. त्या गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला. म्हणजे कायदा येण्याच्या २८ वर्षे आधी आपल्या शहरातल्या कापडाच्याच धंद्यात ही रीत होती. आपल्यापुढे तर कायदा लिहिलेला तयार आहे.

आणि आपल्या दीनने तर हे फार आधी सांगितले आहे. मजुराच्या घामाची हदीस आपल्याला मदरशापासून पाठ आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. सूरह बकरातली ती आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगते. आपण गिऱ्हाईकाच्या उधारीसाठी ती पाळतो. कामगार दरमहा आपल्याकडे जे मागे ठेवून जातो, ती आपल्यावरची उधारीच आहे. ती लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आम्ही आता दुबईच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावाचे वेगळे पान ठेवले आहे. महिन्याच्या शेवटी त्यात ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा आणि जादा तास लिहिले जातात आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात जाते. ती गल्ल्यात मिसळत नाही, मालाच्या खरेदीला वापरली जात नाही. वर्षातून एकदा मुलाला पान दाखवून त्याची सही घेतो. पहिल्या वर्षी रक्कम पाहून आम्हाला जड वाटले. आता तो भाड्यासारखाच एक खर्च वाटतो आणि मुले टिकून राहतात, हा फायदा वेगळाच.

परदेशात दुकान काढू इच्छिणाऱ्या बांधवांना आमची एवढीच विनंती आहे. दुकानाची पाटी रंगवायच्या आधी हे पान तयार करा. उद्या मुलगा येऊन "चाचा, माझा हिसाब?" म्हणाला तर वही उघडून त्याच्यापुढे ठेवता आली पाहिजे.