कढीलिंबावरचे पाहुणे

पावसाळ्यात कढीलिंबाला कोवळी पालवी फुटली, की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, ‘अळीनं पानं खाल्ली!’ आमच्या शेजारच्या वहिनी तर औषधाचा फवाराच घेऊन निघाल्या होत्या. मी म्हटलं, ‘‘वहिनी, हीच पानं उद्या फोडणीत पडायची आहेत. आधी जरा निरखून तर बघा!’’

ही अळी बहुधा ‘कॉमन मॉरमॉन’ या काळ्या फुलपाखराची असते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शीटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरट. शीट कोण खाणार? चार वेळा कात टाकून झाली, की ती एकदम हिरवीगार होते आणि पुढच्या भागावर दोन मोठे डोळे दिसू लागतात. ते डोळे खोटे, निव्वळ भीती घालण्यासाठी! हलकेच बोट लावाल, तर डोक्यामागून लाल रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. शत्रूला पळवायला तेवढं पुरतं. आपल्याला त्याचा अपाय नाही. पुढे ती कमरेला रेशमी धाग्याचा करगोटा बांधून कोषात जाते.

रुईवरच्या अळीची तऱ्हा उलटी. शनिवारी मारुतीला घालायची पानं तोडताना पाहा, काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि काळ्या दोऱ्यांसारख्या तीन जोड्या मिरवत ती उघड्यावर बसलेली असते. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवलेलं, मग लपायचं कशाला? तिचं केशरी फुलपाखरू म्हणजे ‘प्लेन टायगर’.

महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला ‘ब्लू मॉरमॉन’ही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतो. म्हणजे फुलपाखराला मान द्यायचा आणि त्याच्या बाळपणावर फवारा मारायचा, असं व्हायला नको.

झाड मोठं असेल, तर चार अळ्यांनी ते मरत नाही, पुन्हा फुटतं. रोप अगदी लहान असेल, तर अळी पानासकट उचलून मोठ्या कढीलिंबावर किंवा लिंबावर ठेवावी. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नये, खाज सुटते. आणि घरात मुलं असतील, तर त्यांना रोज एकदा तिथं उभं करावं. शीटेचं फुलपाखरू होताना पाहायला तीन-चार आठवडे पुरतात.